मक्याच्या दोन पायल्या आणि माझा पांढरा झगा

संपादकांनी लेखासोबत फोटो मागितला, म्हणून मी शर्ट-पँटीतला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "पगारे, चुकून दुसऱ्या कुणाचा तरी फोटो आलाय. फादरांचा पाठवा." आता या माणसाला काय सांगायचं? बारा वर्षं मी फादरांचा झगा घालतोय, आणि त्यातली अकरा वर्षं तरी लोकांना हेच समजावण्यात गेली की तो फादर म्हणजे मी नव्हे. माझ्या मेहुण्याने तर मुलीच्या लग्नपत्रिकेत छापलं, 'प्रमुख उपस्थिती : फादर पगारे.' आम्ही बौद्ध. पत्रिकेवर वर तथागताचं चित्र आणि खाली हे! छापणाऱ्याने मनाची समजूत कशी घातली असेल, ते त्यालाच ठाऊक.

सातपूरच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. लेथवर उभं राहून आयुष्य गेलं आणि संध्याकाळी कामगारांच्या नाटकांत इन्स्पेक्टर नाहीतर पाटील व्हायचो. उंची सहा फूट एक इंच, डोळे घारे, दाढी छातीपर्यंत आणि नाक असं की मी नाशिकरोडला शिंकलो तर पंचवटीत लोक छत्र्या उघडतात. कारखान्याने आम्हाला मुदतीआधीच घरी पाठवलं तेव्हा फादर संतोष दारात आले. हे खरे फादर. वय माझ्या मुलाएवढं, राग माझ्या सासऱ्याएवढा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "काका, आमच्या फादर ओस्वाल्डांचं काम कराल का?"

मला वाटलं, कुणी आजारी आहे आणि बदली माणूस हवाय.

आजारी कसले, सव्वाशे वर्षांपूर्वी आलेला माणूस! फादर ओस्वाल्ड नावाचे जर्मन मिशनरी तेव्हा आपल्या जिल्ह्यात आले, तट्टावर बसून गावोगाव हिंडले, विहिरी खणल्या, शाळा काढल्या, दुष्काळात धान्य वाटलं आणि शेवटी तापाने इथल्याच मातीत गेले. मिशनच्या आवारात त्यांच्या राहत्या खोलीचं छोटंसं संग्रहालय केलं आहे. त्यात एक खाट, एक कंदील, एका काचेचा चष्मा, त्यांची रोजनिशी आणि मी.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना ते नाटक वाटतं. नाटकात संहिता असते, पडदा असतो, चुकलं तर विंगेतून कुणीतरी सांगतं. इथे यातलं काही नाही. मी झगा घालून खोलीत बसायचं किंवा गावोगावच्या चर्चच्या वार्षिक सणाला झाडाखाली उभं राहायचं. लोक येतात, हवं ते विचारतात, आणि मी फादर ओस्वाल्ड म्हणून उत्तर द्यायचं. फादर संतोषांनी पहिल्याच दिवशी तीन नियम घालून दिले. एक, फादरांच्या मृत्यूनंतर जगात काय झालं ते मला ठाऊक नाही. दोन, झगा अंगात आहे तोवर पगारे नाही. तीन, रोजनिशीत ज्यांची नावं आहेत त्या माणसांबद्दल मनाचं काही बोलायचं नाही. माहीत नसेल तर 'वय झालं, आठवत नाही' म्हणायचं.

पहिले दोन मी जिवापाड पाळले. तिसऱ्याची गोष्ट पुढे येते.

झगा जाड सुती कापडाचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद. मे महिन्यात त्याच्या आत जो घाम जमतो त्यावर गंगापूर धरणातून शेतीला पाण्याचं एक आवर्तन सहज सुटेल. पण घाम परवडला, माणसं नाही परवडत. शाळेची सहल आली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही खरे आहात का?" दुसरा, "दाढी ओढू का?" तोपर्यंत ओढलेली असते. एक बाई दर महिन्याला सुनेची तक्रार घेऊन यायच्या. मी रोजनिशीतला दुष्काळ सांगायला लागलो की त्या म्हणायच्या, "ते राहू द्या, आधी माझं ऐका."

एकदा गंगापूर रोडचं एक जोडपं आलं. इकडेतिकडे बघून नवरा हळूच म्हणाला, "फादर, जरा खासगी होतं."

"बोला लेकरा," मी म्हणालो.

"नर्सरीचं अ‍ॅडमिशन. तुमच्या एका शब्दावर काम होईल."

आता मी काय करू? नियम क्रमांक एक. म्हणालो, "शाळा अजून बांधतो आहे. विटा भट्टीत आहेत. पावसाळ्याआधी छप्पर झालं तर बघू."

नवरा बायकोकडे वळला. "बघ! मी म्हणालो होतो ना, बिल्डिंग फंड मागणार."

दुसऱ्या नियमाने मला एकदा थेट लग्नात नेलं. एका गावच्या सणाला फादरांचं आगमन घोड्यावरून दाखवायचं ठरलं. मालेगावच्या रशीदभाईंनी घोडी पाठवली. नाव राणी, रंग पांढरा, चाल महाराणीची. ती जन्मभर फक्त वरातीत चाललेली होती हे मला कुणी सांगितलं नाही. वेशीतून आत शिरलो. डावीकडे चर्च, उजवीकडे मांडव. राणीने मांडव पाहिला आणि उजवीकडे वळली. मी लगाम ओढला, गयावया केली, जर्मन वाटेल अशा भाषेत शिव्या दिल्या. ती थेट मांडवाच्या तोंडाशी जाऊन थांबली. तिच्या दृष्टीने नवरदेव पोचवला, काम संपलं.

माइकवर एक गृहस्थ पाहुण्यांची नावं पुकारत होते. त्यांनी मला पाहिलं, पण श्वासाचाही खंड पडू दिला नाही. "वऱ्हाडी मंडळींनी इकडं लक्ष द्यावं! खास या लग्नासाठी सातासमुद्रापलीकडून आलेल्या फादरसाहेबांचं स्वागत टॉवेल-टोपी देऊन करत आहेत आपले सरपंच!"

झगा अंगात होता, त्यामुळे पगारे नव्हता. फादर ओस्वाल्डांनी टॉवेल घेतला, टोपी घातली, वधू-वरांना त्यांच्या मोडक्या मराठीत आशीर्वाद दिला आणि आग्रहाला मान देऊन चौदा जिलब्या खाल्ल्या. सतरा असतील. तिकडे चर्चपुढे सगळं गाव हार घेऊन उन्हात उभं.

"काका," फादर संतोष दात आवळून म्हणाले, "आपण फादरांचं आगमन दाखवणार होतो. वरात नाही."

"मला काय विचारता? घोडीला विचारा."

शेवटी तेही हसले. म्हणून मला वाटत राहिलं की हा माणूस माझ्या कुठल्याही उद्योगाला शेवटी हसतोच.

मग हिवरवाडीचा सण आला. सिन्नरच्या पुढे आत गेलं की हे गाव लागतं. फादर ओस्वाल्ड तिथल्या चिंचेखाली बसून दुष्काळात मका वाटायचे. त्याच चिंचेखाली मी उभा आणि माझ्यापुढे लोकांची रांग. रांगेत रोजाबाई होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आलेल्या, आवाज मात्र लाउडस्पीकरला लाजवणारा. मागे त्यांचा नातू अनिल. सातपूरलाच एका कंपनीत सुपरवायझर, शर्ट खोचलेला, तोंड आंबट.

"बाबा, वळखलं का?" रोजाबाईंनी विचारलं.

"ओळखलं. कुणाची तू?"

"कोंडाजीची नात. माझ्या आज्याच्या डोस्क्यावर तुमीच पानी घातलं. म्हून तुमालाच इचारते. त्यानं मक्यापायी पानी घेतलं का?"

मागचे लोक रांग मोडून पुढे सरकले.

अनिलने तिचा दंड धरला. "आजी, चल. हे नाटकवाले आहेत."

"तू गप. बाबा बोलत्यात." आणि सगळ्या गावासमोर तिने सांगून टाकलं. लहानपणापासून पाणवठ्यावर, बाजारात, भांडणात तिने एकच शब्द ऐकला, 'मक्याचे ख्रिस्ती'. ती आयुष्यभर ऐकून घेत आली. पण आता कंपनीत कुणीतरी तेच अनिलला ऐकवलं, आणि या पोराने घरी येऊन आजीलाच विचारलं, "मक्याच्या दोन पायल्यांत विकले गेलेल्या घरात मी कशाला जेवू?" नाताळापासून त्याने तिच्या घरी ताट घेतलेलं नव्हतं. आज आला तोही म्हातारीने आजारी असल्याचा खोटा निरोप धाडला म्हणून.

"सांगा बाबा. ह्याच्या म्होरं सांगा."

मला रोजनिशीतला कोंडाजी आठवत नव्हता. मी 'वय झालं' म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मध्येच मला लेथवरचा माझा शेजारी आठवला. हा माणूस वर्षानुवर्षं चहाच्या सुट्टीत विचारायचा, "पगारे, तुझ्या आजोबाने काय बघून धर्म बदलला रे? सवलती?" माझ्या आजोबाने धम्म घेतला तेव्हा त्याला मिळालं काय, तर होती तीही मजुरी बंद झाली. मी दर वेळी काहीतरी उत्तर द्यायचो, आणि दर वेळी घरी पोचल्यावर त्याहून झणझणीत उत्तर सुचायचं. त्या दिवशी चिंचेखाली ते जागच्या जागी सुचलं.

"नाही!" मी गरजलो. "मक्याचे दिवस सरले. पाऊस झाला, शिवार पिकलं. मग एक दिवस कोंडाजी आपल्या पायांनी माझ्याकडे आला. काखेत लाल तुऱ्याची कोंबडी. ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, बाबा, आता पोट भरलंय. आता बोला."

काय टाळ्या पडल्या म्हणता! रोजाबाई पदर डोळ्याला लावून रडल्या. अनिल माझ्याकडे बघतच राहिला. दुपारी तो आजीच्या घरी जेवला, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं.

परत येताना जीपमध्ये फादर संतोष गप्प. सिन्नर आलं, गेलं, तरी गप्प.

"जमलं ना आज?" मीच म्हणालो.

"कोंडाजी रोजनिशीत आहे, काका."

"असेल."

"दुष्काळातच आहे. मका दिला त्याच दिवशी बाप्तिस्मा. कोंबडी कुठेच नाही."

मी जीपची काच खाली केली, मग परत वर केली.

"तुम्ही घोडीवरून लग्नात गेलात, मी हसलो. याला नाही हसणार. उद्या कुणी रोजनिशी उघडली तर त्या बाईला दुसऱ्यांदा ऐकावं लागेल, आणि या वेळी आपल्यामुळे. तुम्ही बोललात, तुम्हीच जाऊन सांगायचं."

जातो म्हणालो. मग पाठ धरली. मग पाऊस होता. मग पाऊस नव्हता म्हणून उकडत होतं. असे चार महिने गेले. आणि तेवढ्यात ती कोंबडी जिल्हाभर फिरली. दुसऱ्या गावच्या सणाला लोक मलाच सांगू लागले की फादर, कोंबडीचं सांगा. एकाने तर तिचं वजन सांगितलं.

एका शनिवारी दुपारी अनिल संग्रहालयात आला. चेहरा उजळलेला. कंपनीत त्याने कोंबडी सगळ्यांना सांगितली होती. त्यावर कुणीतरी म्हणालं, लिहिलेलं दाखव.

"बाबा... म्हणजे काका, ते पान बघायचं होतं. कोंबडीचं."

फादर संतोषांनी रोजनिशीचं मराठी भाषांतर टाइप करून फाइलला लावलंय. ती फाइल टेबलावरच असते, कुणीही उघडावी. मी म्हणालो, आज फाइल नाही, बाइंडिंगला गेली आहे. ती माझ्या कोपराखाली होती. त्याने माझं कोपर अलगद उचललं.

तो उभ्यानेच पानं उलटत होता. एका जागी थांबला. पुन्हा वाचलं. खिशातून मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला.

"कोंबडी कुठंय, काका?"

मी झग्याच्या बाहीने टेबल पुसायला लागलो.

"उद्या सुट्टी आहे. आजीला दाखवतो," तो म्हणाला. "आतापर्यंत नुसतं ऐकलं तिनं. आता लिहिलेलंही बघू दे."

रविवारी पहाटे मी पहिली एसटी पकडली. ती एसटी रस्त्यातल्या प्रत्येक बाभळीपाशी थांबली. एका थांब्यावर कंडक्टर ओळखीच्याशी पोराच्या सोयरिकीचं बोलत बसला, तेव्हा मी उतरून पळतच जाणार होतो. अनिलकडे मोटारसायकल आणि माझ्याकडे हे! हिवरवाडीत पोचलो तेव्हा रोजाबाई अंगणात बसून मक्याची कणसं सोलत होत्या. या भागात आता जिकडे बघावं तिकडे मकाच.

"कोन?"

"मी. बाबांचं काम करतो तो. पगारे."

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "झगा कुठंय?"

"धुवायला टाकलाय." खरं तर तो खुंटीवर होता. बघा, कबुली द्यायला गेलो आणि सुरुवातच खोट्याने केली. मग मात्र एका दमात बोललो, "आजी, कोंबडी नव्हती. मी मनचं सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही. "ठाव हाय."

"ठाऊक आहे?"

"माझा आजा आन् कोंबडी देनार? अरे, त्यो पाव्हन्याला पान द्यायचा तं चुना नखावर मोजून लावायचा! मी न्हानपनी पाह्यलाय ना त्याला. तू कोंबडी म्हनला, तवाच मला कळलं, ह्या बाबाची आन् कोंडाजीची कधी गाठच पडली नाय."

"मग रडलात कशाला?"

"तुझं ऐकून पोरगं आता जेवाय येनार, हे दिसलं म्हून." त्यांनी एक कणीस माझ्याकडे टाकलं. "बस. रिकामा नको बसू, सोल."

मी सोलायला बसलो. पाचव्या कणसाला अनिलची मोटारसायकल आली. मला बघून त्याच्या कपाळावर आठी.

"आधीच पोचलात वाटतं."

"त्यानं सांगितलं सारं," रोजाबाई म्हणाल्या. "तू काय आनलंय ते वाच."

"राहू दे आजी."

"वाच म्हनते ना. मला अक्षर दिसत नाय, म्हून का ऐकूबी येत नाय?"

अनिलने मोबाइल काढला आणि भराभर वाचलं. "हिवरवाडी. कोंडाजी, बायको, दोन मुलं. धाकटा उभा राहू शकत नाही. मका दोन पायल्या. आजच चौघांना बाप्तिस्मा." मोबाइल खिशात घातला. "झालं? दोन पायल्या. लोक खोटं नव्हते बोलत."

"मधलं पुन्ना वाच."

"कुठलं?"

"धाकट्याचं."

अनिलने पुन्हा मोबाइल काढला. या वेळी हळू वाचलं. "धाकटा उभा राहू शकत नाही."

"धाकटा म्हंजी कोन?"

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. बारा वर्षं ती फाइल माझ्या कोपराखाली होती; त्या ओळीवर माझी नजर कधी ठरली नव्हती.

"माझा बाप," रोजाबाई म्हणाल्या. "तुझा पनजा. मला खांद्यावर बसवून ह्या चिंचेपातुर न्यायचा त्यो. त्याला भुकेनं उभं राहता येत नव्हतं, हे आज कळलं मला." त्यांनी हातातलं कणीस सोलून ढिगात टाकलं. मग आवाज पुन्हा चढला. "लोकं म्हनत्यात कोंडाजी दोन पायल्यांत इकला. दोन पायल्यांत माझा बाप उभा राह्यला, त्याची मी, माझा तुझा बाप, आन् तू हितं शर्ट खोचून उभा हायेस. लय सस्त्यात गेलो का रं आपन?"

अनिल अंगणात उकिडवा बसला. मग त्याने ढिगातून एक कणीस ओढलं. दुपारी आम्ही तिघं जेवलो. कोंबडी नव्हती. पिठलं होतं.

तिथून परत आल्यावर मी फादर संतोषांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या सणाला चिंचेखाली उभे राहाल ना?" मी म्हणालो, नको, वय झालं. ते म्हणाले, नियम क्रमांक तीन रोजनिशीतल्या माणसांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

तर यंदा पुन्हा हिवरवाडी. तेच ऊन, तोच झगा. रांग दुप्पट, कारण कोंबडी ऐकायला शेजारची तीन गावं आली होती. रोजाबाई पुढे आल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांनी काठीने अनिलला पुढे ढकललं.

"आता तू इचार."

त्याने घसा साफ केला. "बाबा, आमच्या कोंडाजीने मक्यासाठी पाणी घेतलं का?"

"घेतलं," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल की बाबा," म्हातारी म्हणाली. "मागच्यांना ऐकू जाऊ दे."

"घेतलं!" मी ओरडलो. "दोन पायल्या! धाकटा उभा राहत नव्हता!"

या वेळी टाळ्या नाहीत. अनिलने मान वर करून रांगेकडे एकदा बघून घेतलं, कुणाला काही म्हणायचंय का अशा नजरेने. कुणाला नव्हतं. तेवढ्यात अगदी मागून, कुठल्या गावचा कोण जाणे, एक जण ओरडला, "आन् कोंबडीचं सांगा की!"

मी काही बोलायच्या आत रोजाबाई काठी उगारून गर्रकन वळल्या. "कोंबडी नव्हती! माझा आजा काय मला ठाव नाय व्हय?"

मग रांगेच्या शेवटपर्यंत दर दहा माणसांमागे एक जण कोंबडी विचारत राहिला, आणि दर वेळी आम्ही दोघांनी मिळून ओरडून सांगितलं की नव्हती. दोन दिवस माझा घसा बसला होता. म्हातारीचा नाही.